मधली सीट

आमच्या घरात दोन बायका आणि त्यांच्या मधे एक माणूस, अशी बसायची पद्धत होती. टेबलाच्या एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला वन्सं, मधे हे. दवाखान्यातल्या बाकावर तसंच, लग्नातल्या फोटोत तसंच. वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डवर त्यांची नोकरी झाली, लग्न काही झालं नाही, आणि त्या पहिल्यापासून आमच्यातच राहिल्या.

वन्संचं आणि माझं बोलणं माझ्या लग्नाच्या पहिल्याच वर्षी बंद पडलं. कारण विचाराल तर दोघींची दोन आहेत. माझं म्हणणं, त्यांनी माझ्या शिवणयंत्राच्या आवाजावरून चारचौघांत मला बोलून दाखवलं. त्यांचं म्हणणं, मी त्यांचं कपाट त्यांना न विचारता सरकवलं. खरं काय ते ह्यांना माहीत असणार, पण ह्यांनी जन्मात कुणाची बाजू घेतली नाही.

बोलणं बंद म्हणजे अगदी मुक्यासारखं नव्हे. ह्यांच्यामार्फत सगळं चालायचं.

"अहो, वन्संना विचारा, भाजी आणखी वाढू का?"

"छोट्या, तिला सांग, नको. मिठाचा डबा उपडा झालेला दिसतोय."

"अहो, त्यांना म्हणावं, उद्यापासून डबा त्यांच्या हातात देते."

"हं," हे म्हणायचे. "बघू."

छोट्या म्हणजे हेच. दारातून आत येताना वाकायला लागायचं एवढे उंच, पण आई लवकर गेल्यामुळे वन्संनीच वाढवलेले, म्हणून म्हातारपणापर्यंत छोट्या. ह्यांचं सोफे-खुर्च्या दुरुस्तीचं दुकान होतं. ह्यांनी सांगाडे आणि गाद्या बघायच्या, मी कव्हरं शिवायची. कापड ताणून ठोकताना हात मोकळे हवेत म्हणून हे मूठभर बारीक खिळे तोंडात धरायचे आणि जिभेने एकेक पुढे आणायचे. त्यामुळे ओठ जेमतेम उघडून बोलायची सवयच लागली होती. तोंडात खिळे नसले तरी ते आहेत असं वाटायचं. 'हं' आणि 'बघू' एवढ्यावर ह्यांचा संसार झाला.

गेल्या थंडीत एका दुपारी, कुणाच्या तरी दिवाणाची पाठ ठोकता ठोकता हे खाली बसले ते उठलेच नाहीत. इस्पितळातल्या नर्सने तोंडातले खिळे एकेक काढून एका वाटीत ठेवले आणि ती वाटी माझ्या हातात दिली. वाटी धरून मी बराच वेळ उभी होते. कुणाला द्यायची तेच कळेना.

आलेगेले सगळे परत गेले त्या संध्याकाळी वन्सं टेबलाशी येऊन बसल्या. मीही बसले. मधली खुर्ची रिकामी. वन्सं त्या खुर्चीकडे बघून म्हणाल्या, "छोट्या, तिला सांग, चार घास खाऊन घे."

माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, "अहो, वन्संना सांगा, भूक नाही."

"हं," हे म्हणाले. "बघू."

अगदी तसाच आवाज. ओठांत खिळे धरल्यासारखा. मला भीती नाही वाटली. भीती वाटायला समोरचा अनोळखी लागतो.

तेव्हापासून हे होतेच. टेबलाशी बसलं की खुर्ची करकरायची. दुकानात कापड बेतताना मागून 'हं' यायचं. मी हे कुणाला सांगितलं नाही, कारण सांगायचं कुणाला? घरात होत्या त्या वन्सं, आणि त्यांना तर ऐकू येतच असणार. त्याही खुर्चीला प्रश्न विचारायच्या, थांबायच्या, मान हलवायच्या आणि मगच पुढचं बोलायच्या. बाहेरचं कुणी ते बघितलं असतं तर दोघींना एकदमच दाखल केलं असतं. पण आमचं घर पूर्वीसारखं चाललं होतं, किंबहुना थोडं जास्तच बरं चाललं होतं. हे आता चहासाठी खोळंबवून ठेवत नव्हते.

मग तो विमानप्रवास आला. लेक समुद्रापलीकडे असते, तिने घर घेतलं होतं. ह्यांनी जिवंतपणीच तिघांची तिकिटं काढून जागासुद्धा निवडून ठेवल्या होत्या. खिडकी मला, कडेची सीट वन्संना, मधे स्वतः. "मी मधे बसतो," म्हणाले होते. "नाहीतर तुम्ही दोघी विमान खाली उतरवाल." आयुष्यात केलेल्या मोजक्या विनोदांपैकी तो एक. लेक फोनवर रडत म्हणाली, "आई, तुम्ही दोघी या. बाबांचं तिकीट परत घेत नाहीत ते लोक. राहू दे ती सीट रिकामी, आत्या पाय पसरेल."

पाय पसरायचं सोडा, मी तर मनातून खूश होते. रात्रभर हे आमच्या मधे बसणार होते. ठरल्याप्रमाणे.

विमानतळावर सामान द्यायच्या काउंटरवर एक चुणचुणीत मुलगी होती. तिने पडद्याकडे बघितलं, मग आमच्याकडे.

"तिसरे प्रवासी मागून येतायत का?"

वन्सं कोट सारखा करू लागल्या. शेवटी मीच म्हणाले, "नाही. ते वारले."

ती मुलगी मनापासून ओशाळली. इकडे तिकडे बघत, आवाज खाली आणून म्हणाली, "सरांच्या तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत. पण मी एक करू शकते. पुढे फर्स्ट क्लासमधे एक सीट उरलीय. त्यांचं तिकीट धरून तुमच्यापैकी एकीला तिथे बसवता येईल. सीटचा पूर्ण पलंग होतो. आजींचे पाय सुजलेत, त्यांना बरं पडेल."

"छोट्या," वन्सं हवेत बघून म्हणाल्या, "हिला विचार, आजी कुणाला म्हणतेस."

मुलीने मागे वळून बघितलं. मागे कुणी नव्हतं.

"आणि ह्यांच्या सीटचं काय होणार?" मी विचारलं.

"ती आमच्याकडे परत येईल, मॅडम. पुढे जाणाऱ्या व्यक्तीची आणि सरांची, दोन्ही. वेटिंगवर असतात ना लोक. घाई नाही, गेटवर सांगा. मीच असणार आहे तिथे."

म्हणजे हिशेब सरळ होता. कुणी एक पुढे गेली की ह्यांची जागा गेली. घरी निदान खुर्ची होती, दुकानात स्टूल होतं. इथे ही एवढी एक सीट, तीही दिली तर हे बसणार कुठे? विमानाच्या पंखावर?

गेटसमोर खुर्च्यांची रांग होती. मी बसले, वन्सं एक खुर्ची सोडून बसल्या. तेवढ्यात एक टाय लावलेला गृहस्थ आला आणि मधल्या खुर्चीवर टेकू लागला.

"बसलेत तिथे!" आम्ही दोघी एका सुरात ओरडलो.

तो टेकता टेकता उठला. खुर्चीकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं, आणि पार पलीकडच्या गेटला जाऊन बसला. आम्ही दोघी एकदम एकच वाक्य बोलल्याची माझ्या आठवणीतली ती पहिली वेळ.

वन्संनी बुटाचे पट्टे सैल केले होते. घोटे पावासारखे फुगलेले. रात्रभर पाय लोंबकळत ठेवून बसायचं म्हणजे सकाळी त्यांना उचलूनच न्यायला लागणार, हे मला दिसत होतं. दिसत नसतं तर बरं झालं असतं.

"अहो," मी म्हणाले, "वन्संना सांगा, त्यांनी पुढे जावं. आडवं व्हायला मिळेल." सांगताना आतून वाटत होतं, नाही म्हणू दे, नाही म्हणू दे.

"छोट्या, तिला सांग, मी इथून हलणार नाही. एवढा माझा पुळका आला असेल तर तिनेच जावं. गाद्यागिरद्यांतलं तिला कळतं."

"अहो, मी कशाला जाऊ? नवरा मागे आणि बायको पुढे पलंगावर?"

"हं," हे म्हणाले. "बघू."

मला हसू आलं. मेल्यावरही ह्या माणसाला एक निर्णय घेता येऊ नये! खिळे तोंडातून काढले, तरी ते तसंच.

वन्सं चमकून माझ्याकडे बघू लागल्या. माझ्याकडे म्हणजे माझ्या तोंडाकडे. मग खुर्चीकडे वळल्या. "छोट्या, ती का हसली?"

"अहो, तुम्हीच सांगा का हसले ते."

वन्सं थांबल्या. नेहमी थांबायच्या त्याहून जास्त. मान हलवायची वेळ आली आणि गेली, पण त्यांनी मान हलवली नाही. मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी घट्ट धरून त्या खाली बघत राहिल्या.

"छोट्या," त्या हळूच म्हणाल्या, "तिला सांग. मला तू ऐकू येत नाहीस."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"पहिल्या दिवसापासूनच येत नाहीस. मी तुला विचारते, मग तिच्या तोंडाकडे बघते. तिच्या तोंडावरून कळतं तू काहीतरी बोललास ते. तिच्या भुवया अशा वर जातात. मग मी मान हलवते. नाहीतर तिला वाटायचं, बहीण असून हिला काहीच नाही." त्यांनी नाक पुसलं. "तुला पहिला शब्द मी शिकवला रे. आयुष्यभर परक्या लोकांचे फोन जोडून दिले मी. शेवटच्या घटका मोजणाऱ्यांचेसुद्धा, कुठून कुठून पोराबाळांना शोधून काढून. आणि माझ्या भावाचा मलाच लागत नाही."

बोलायचं तरी ह्यांच्याच मार्फत, आणि हे गप्प होते.

"तिला सांग," वन्सं म्हणाल्या, "मी तिला दोष देत नाही. पण ती सारखी बोलत असते तुझ्याशी. मनातल्या मनातही बोलत असते, मला दिसतं ना. लाइन कायम एंगेज. एक रात्र, एकच रात्र मोकळी सोड म्हणावं."

माझ्या मनात पहिलं आलं ते चांगलं नव्हतं. नाही देणार, असं आलं. लग्नानंतर सगळं वाटून घेतलं होतं, घर, पगार, आजारपणं, लेक. हे एवढं एक माझ्या एकटीचं निघालं होतं, आणि तेही मला आत्ताच कळलं होतं. आणि मला माहीत होतं की मी उठले तर ह्यांना मागे सोडून उठणार. परत येतील का, ह्याची हमी कोण देणार?

"अहो," मी मनातल्या मनात विचारलं, "काय करू?"

'बघू'सुद्धा नाही.

गेटवर रांग लागली. तीच मुलगी उभी होती. मी सरळ तिच्याकडे गेले.

"मी जाते पुढे," मी म्हणाले. "पण मधली सीट रिकामी राहिली पाहिजे."

"मॅडम, ती सीट मग आमची…"

"वेटिंगवर किती जण आहेत?"

तिने पडद्यावर बघितलं. "एक गृहस्थ आहेत."

"मग त्यांना माझी खिडकी द्या. मधे कशाला बसेल कुणी खिडकी सोडून?"

ती हसली, तिने बटणं दाबली. "देते. पण ऐन वेळी आणखी कुणी आलं तर माझा इलाज नाही. दार बंद होईपर्यंत मी शब्द देऊ शकत नाही."

मी मागे वळले. वन्सं रांगेत उभ्या होत्या, त्यांच्या शेजारी एका माणसाची जागा सुटलेली. मी त्या जागेला म्हणाले, "अहो, तुम्ही आज वन्संपाशी बसा." लोक बघत होते. बघू देत.

फर्स्ट क्लासची सीट म्हणजे एक खोलीच होती. दार नव्हतं एवढंच. कातडं मऊ, रंग दुधाच्या चहासारखा, दुहेरी शिलाई. हात फिरवल्यावर एका कोपऱ्यात कातडं ओढून बसवलेलं लागलं, चुणी पडली होती. कारागिराला घाई झालेली. "अहो, बघा तरी," मी म्हणाले, "एवढ्या महागाची सीट आणि कोपरा कसा बसवलाय."

कुणी 'हं' म्हणालं नाही.

हवाईसुंदरीने गरम रुमाल आणला, पाणी आणलं, पांघरूण आणलं. तिने एक बटण दाबलं आणि सीट आपोआप आडवी झाली, आज्ञाधारक जनावरासारखी. दिवे मंद झाले. मी पडले. अंग सगळं सुखात, आणि कान दुखायला लागले. ऐकून ऐकून. इंजिनाची घरघर होती आणि त्या घरघरीच्या आत काही म्हणजे काहीच नव्हतं. घरात हे होते तेव्हा मला कधी भीती वाटली नाही. इथे नव्हते, आणि मला दातखीळ बसायची वेळ आली. टेकायला जावं आणि मागे भिंतच नसावी, तशी भीती. मी मनातसुद्धा काही बोलायचं नाही असं ठरवलं होतं, लाइन मोकळी ठेवायची म्हणून. मनात न बोलणं किती अवघड असतं ते करून बघावं. शब्द येतात, ते गिळावे लागतात, एकेक, टोकदार.

शेवटी उठले. पडदे ओलांडत मागे गेले. अंधारात माणसं वाकडीतिकडी झोपली होती. आमची रांग पंखाच्या मागे होती.

मधली सीट रिकामी होती.

खिडकीपाशी तो वेटिंगवाला डोक्यावरून पांघरूण घेऊन गाढ झोपला होता. वन्सं जाग्या होत्या. एक तळवा बाहेरच्या कानावर दाबलेला, बोर्डवर बसल्यावर गोंगाट अडवायला त्या तसा दाबत असत म्हणे, आणि दुसरा कान मधल्या सीटकडे कललेला. ओठ हलायचे, थांबायचे. आणि मधल्या सीटची पाठ मागे झुकलेली होती. आजूबाजूच्या सीटपेक्षा बरीच मागे, उंच माणूस करून घेतो तेवढी. वन्संना ते बटण सापडलं नसतं, त्यांना स्वतःच्या सीटचंही सापडलेलं दिसत नव्हतं, ताठ बसल्या होत्या.

मग वन्सं हसल्या. तोंडावर हात धरून, शाळेतल्या मुलीसारख्या. एवढ्या वर्षांत मी त्यांना तशा हसताना बघितलं नव्हतं.

मी एक पाऊल पुढे टाकलं. "मॅडम," मागून हवाईसुंदरी कुजबुजली, "तुमची सीट पुढे आहे. काही हवंय का?"

"नाही," मी म्हणाले. "नवऱ्याला बघायला आले होते."

"झोपलेत का ते?"

"नाही," मी म्हणाले. आणि माझ्या जागेवर परत गेले.

सकाळी उतरताना पुढच्यांना आधी सोडतात. मी त्या लांब, गालिचा घातलेल्या बोगद्याच्या तोंडाशी कडेला उभी राहिले. माणसं येत होती, पोरं रडत होती, वेटिंगवाला गृहस्थ डोळे चोळत गेला. सगळ्यात शेवटी वन्सं. बूट हातात, मोजे घालून, भिंतीला धरत धरत. चेहरा रात्रभर जागलेला, पण धुतल्यासारखा.

त्या माझ्यापासून एका माणसाच्या अंतरावर थांबल्या. मी त्या अंतराकडे बघितलं. कान टवकारले. गालिच्यावर कुणाच्या तरी बॅगेची चाकं लांब जात होती, बस.

"वन्सं," मी म्हणाले. सरळ त्यांनाच. "बोलले का?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. इतक्या जवळून मी त्यांच्या नजरेला नजर कधी दिली नव्हती. त्यांचे डोळे ह्यांच्यासारखे आहेत हे एवढ्या वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं.

"बोलला," त्या म्हणाल्या.

"काय?"

"सगळं सांगायचं नसतं." मग त्यांनी मान किंचित कलती केली. "तो म्हणतोय, बाहेर गारठा आहे, तिला म्हणावं स्वेटर घाल."

विमानाचा तो विनोद सोडला तर हे आयुष्यात एवढं लांब वाक्य कधी बोलले नव्हते. मला ते वन्संच्या तोंडावर म्हणता आलं असतं. मी पिशवी उघडली आणि स्वेटर काढून घातला. बटणं वन्संनी लावून दिली, गळ्यापर्यंत, लहान मुलाला लावतात तशी.

"आणखी काय म्हणतात?" मी विचारलं.

"चला म्हणतोय. पोर ताटकळली असेल."

आम्ही निघालो, मधे एका माणसाची जागा सोडून. मागाहून उतरलेल्या दुसऱ्या विमानातले लोक घाईघाईने येत होते आणि वाट मोकळी दिसली म्हणून नेमके आमच्या मधून घुसत होते. दर वेळी वन्सं दचकून हात पुढे करायच्या, कुणाला तरी दंडाला धरून आपल्याकडे ओढून घ्यावं तसा.